ऑल्ट-टॅब की स्विचरू?
विंडोजमधील ऑल्ट-टॅब ही उघड्या विंडो बदलण्याची कळजोडी नुकत्याच वापरलेल्या विंडो आधी दाखवते. त्यामुळे पणजीतील एखाद्या कचेरीत एक्सेल आणि ईमेल या दोहोंतच ये-जा करायची असेल, तर तिच्याहून सोयीचे काही नाही. मात्र मार्चअखेरीस 15-20 विंडो उघड्या असताना टॅब दाबत हवी ती शोधणे म्हणजे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ओळखीचा चेहरा शोधणे होय. अशा वेळी स्विचरू हे मुक्त सॉफ्टवेअर मला सरस वाटते: ऑल्ट-स्पेस दाबून शीर्षकातील दोन-चार अक्षरे टंकली, की यादी आकसते आणि एंटर दाबताच हवी ती विंडो समोर येते. अर्थात, ते वेगळे इन्स्टॉल करावे लागते, आणि प्रत्येक फाईलला ‘नवीन 1’ असे नाव देणाऱ्यांना त्याचा उपयोग बेताचाच.