एक्स-रे मशीनपाशी, एमआरआय मॉड्यूलमध्ये: रेडिओलॉजीचं फिजिक्स कुठून करायचं?

वर्धा-यवतमाळकडच्या कॉलेजात रेडिओडायग्नोसिसला लागलेल्या जेआर-वनचा, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनिअर रेसिडेंटचा, प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, फिजिक्स कुठून करू?" घोकून पास होणारेही आहेत, त्यांना हा लेख नको.

आयएईएचं (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं) २०१४ चं डायग्नोस्टिक रेडिओलॉजी फिजिक्सचं हँडबुक फुकट मिळतं. सहाशेवर पानं. पण रोख मेडिकल फिजिसिस्टकडे, म्हणून डॉक्टर गणितातच अडकतो. एक्स-रेची निर्मिती, ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी), इमेज क्वालिटी, डोस एवढं नीट वाचा, बाकी व्हायवाआधी चाळा. पीडीएफ एकदा उतरवली की हॉस्टेलचं नेट गेलं तरी अडत नाही.

आरएसएनए-एएपीएम या रेडिओलॉजिस्ट आणि फिजिसिस्टांच्या संघटनांची ऑनलाइन मॉड्यूल्स अमेरिकेतल्या रेसिडेंटसाठी. तिकडे २०१३पासून फिजिक्स रेडिओलॉजी बोर्डाच्या कोअर परीक्षेतच मिसळलं. ब्रिटनच्या एफआरसीआर या रेडिओलॉजीच्या परीक्षेला मात्र पहिल्या टप्प्यात ते वेगळं द्यावं लागतं. इमेज अशी का दिसते, इथून सुरुवात करायची असेल तर मॉड्यूल्स उत्तम. फक्त उदाहरणांतली मशीन आपल्या वॉर्डात नसतात.

आपल्या वॉर्डात असतं ते साठ एमएचं पोर्टेबल एक्स-रे मशीन (एमए म्हणजे नळीतला करंट). सिकलसेलचा एक मुलगा, खुबा इतका दुखत होता की पाय स्थिर राहीना. जेआरने सत्तर केव्ही (नळीचं व्होल्टेज) आणि तीस एमएएस (एमए गुणिले सेकंद) लावले. तीस भागिले साठ, म्हणजे अर्धा सेकंद. फिल्म हलली. खोलीतल्या तीनशे एमएच्या मशीनवर हेच काम ०.१ सेकंदात झालं असतं, पण मुलाला हलवायचं कसं? टेक्निशियनदादा म्हणाले, "केव्ही ऐंशी करा न बाप्पा, टाइम अर्धा होते." केव्ही सुमारे पंधरा टक्के वाढवला की निम्म्या एमएएसमध्ये भागतं, हा तो पुस्तकातला नियम. पाव सेकंद, कॉन्ट्रास्ट थोडा गेला, खुब्याचं हाड स्वच्छ दिसलं. त्या जेआरला हा नियम पुन्हा वाचावा लागला नाही.

म्हणून माझं मत: एक्स-रे, ग्रिड, डोस हे मशीनपाशी शिका आणि त्या रात्री हँडबुकातलं तेवढंच प्रकरण वाचा. एमआरआयचं उलट. मशीन आवारात असलं तरी के-स्पेस (इमेज बनण्याआधीचा कच्चा डेटा) काही डोळ्यांना दिसत नाही. तिथे मॉड्यूल्सच लावा, हँडबुक नंतर. अल्ट्रासाउंडला हँडबुक आणि मॉड्यूल्स दोन्ही बाजूला सारा, प्रोब हातात घ्या आणि गेन-डेप्थची (उजळपणा आणि खोलीची) बटणं फिरवत बसा.

क्लासचे व्हिडिओ? परीक्षेच्या महिन्यात, तेही दीडपट वेगाने.

आणि मशीनपाशी जाताना टीएलडी बॅज (अंगावर पडलेला रेडिएशनचा डोस मोजणारा) छातीवर, लेड ॲप्रनच्या आत. ॲप्रनबरोबर खुंटीला टांगून ठेवलेला बॅज खुंटीचा डोस मोजतो. ओपीडी ओसरली की दादांना गाठा, चहा तुमच्याकडून.