आयपीएफडब्ल्यू कर्नलमध्ये घालून आठ महिने झाले, आणि माझं सगळं अडलं ते ६५५३५ वर

आयपीएफडब्ल्यू म्हणजे फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा फायरवॉल, येणारी-जाणारी पॅकेटं नियमांनी गाळणारा. काल रीबूटनंतर 'आयपीएफडब्ल्यू शो' मारलं (नियम आणि प्रत्येकाला किती पॅकेटं लागली ते दाखवतं), ६५५३५ क्रमांकाच्या नियमासमोरचा आकडा बघितला आणि म्हटलं आता लिहूनच टाकतो.

यासाठी मॉड्यूल लोड करूनही काम भागतं, कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) हात लावावाच लागतो असं नाही. पण मला बूट होतानाच्या पहिल्या पॅकेटपासून फिल्टर हवा होता, म्हणून जेनेरिक या मूळ कर्नल कॉन्फिगची कॉपी काढली, त्यात 'ऑप्शन्स आयपीफायरवॉल' टाकलं, बिल्डकर्नल, इन्स्टॉलकर्नल, रीबूट. नियम नंतर लिहू म्हटलं. सर्व्हर परत आलाच नाही.

म्हणजे चालू होता, पण ६५५३५ हा शेवटचा नियम कर्नलमध्येच असतो, काढता येत नाही, आणि मुळात तो सगळं डिनाय करतो, म्हणजे अडवतो. लांबून लॉगिन करायचं एसएसएच बंद. होस्टिंगवाल्यांकडे कन्सोल मागितला तर ते डिस्क तपासत बसले, मी तीन तिकिटांत तेच लिहितोय की डिस्क ठीक आहे, मला फक्त कन्सोल द्या. अख्खा दिवस गेला. शेवटी कन्सोलवर लोडरमधून 'कर्नल डॉट ओल्ड', म्हणजे आधीचा कर्नल, बूट केला तेव्हा सुटलो.

चिडून मी 'डिफॉल्ट टू ॲक्सेप्ट' (यात ६५५३५ सगळं आत सोडतो) घालून कर्नल परत बांधला आणि दोन महिने ज्याला त्याला हेच सांगत होतो की हा ऑप्शन घालाच.

ते मी आता मागे घेतो. तिसऱ्या महिन्यात नियमांच्या फाइलमध्ये एका ओळीत टायपो झाला. जुने नियम फ्लश झालेले, म्हणजे पुसलेले, नवीन फाइल चुकीच्या ओळीवर थांबली, आणि माझा डिनायचा नियम तर सगळ्यात खाली, तो लागलाच नाही. रात्रभर डेटाबेसचा पोर्ट जगाला उघडा. ६५५३५ चा काउंटर भराभर वाढताना दिसला म्हणून सकाळी कळलं. त्याच दिवशी कर्नल परत बांधला, डिनायवर. एक दिवस बाहेर अडकणं परवडलं, हे नाही.

एक राग अजून आहे. ६५५३५ लॉग करत नाही. त्यासाठी मी ६५००० वर वेगळा 'डिनाय लॉग' ठेवलाय. त्यातही कर्नल कॉन्फिगमध्ये नमुन्यातली व्हर्बोज लिमिट ५ (एका नियमाच्या किती नोंदी लॉग करायच्या त्याची मर्यादा) तशीच उचलली होती, तर पाच नोंदी झाल्या की लॉग थांबायचा, 'रिसेटलॉग' ही कमांड मारेपर्यंत काही नाही, आणि मला वाटायचं कोणी येतच नाहीये. काउंटर मात्र चालूच असतात, तेच बघत जा.

आणि जे मला फार उशिरा मॅन पेजमध्ये (कमांडच्या माहितीपानात) सापडलं ते म्हणजे सेट ३१, नियमांच्या गटांपैकी एक. या सेटमधले नियम फ्लशने उडत नाहीत. फ्लश झाला की कीप-स्टेटची (चालू कनेक्शन लक्षात ठेवणाऱ्या नियमाची) डायनॅमिक एंट्री जाते आणि चालू एसएसएच तिथेच गोठतं, म्हणून माझ्या आयपीवरून एसएसएचच्या २२ पोर्टवर येणारं आणि परत जाणारं असे दोन साधे नियम, स्टेट न ठेवता, सेट ३१ मध्ये टाकले. पाच महिन्यांत नियम कितीदा बदलले मोजलं नाही, एकदाही बाहेर अडकलो नाही.

६५५३५ समोरचा कालचा आकडा ४१ होता. बूट होऊन नियम लोड व्हायच्या आत आलेली ४१ पॅकेटं, सगळी बाहेरच अडली.