गंजीफ्रॉकचा थोरला भाऊ

मी मालवणचा. लोकर अंगाला लागली ती शाळेच्या महाबळेश्वर सहलीत, तीही उसनी. आता स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनला सहावा हिवाळा. बंदरावरून चालत कामावर जातो आणि उत्तर समुद्राचा वारा बरगड्या मोजतो. म्हणून कोळ्यांचे स्वेटर.

पहिला घेतला अरन, म्हणजे आयर्लंडच्या अरन बेटांचा, तिथल्या गॉलवेला फिरायला गेलो तेव्हा. न रंगवलेली पांढरट लोकर, अंगभर दोरखंडासारखे पीळ, राजबिंडा दिसतो. दुकानात आडनावांचा तक्ताच होता: म्हणे प्रत्येक कुळाची वीण वेगळी, बुडालेल्याचं प्रेत त्यावरून ओळखायचे. "परबांची कुठली?" विचारल्यावर विकणारा मनापासून हसला. ही कुळांची कथा धंद्यासाठी वाढवलेली आहे, पण त्याचा राग नाही. राग आहे तो पिळांचा. सॅकच्या चेनमध्ये अडकतात, आणि टाक्यांमधून वारा आत येतो. घरात चहा घेऊन बसायला मात्र उत्तम.

दुसरी गॅन्झी. गर्न्सी बेटाच्या नावावरून पडलेलं नाव. आपल्या 'गंजीफ्रॉक'चं मूळही तेच! पीटरहेडला चर्चमधल्या जुन्या सामानाच्या विक्रीत हाताने विणलेली मिळाली, गडद निळी. पाच पदरी, कडक पिळाचं सूत आणि वीण इतकी दाट की भुरभुर पावसाचे थेंब वरच बसून राहतात. पुढची-मागची बाजू सारखीच, त्यामुळे अंधारात कशीही चढवा. काखेत चौकोनी तुकडा, जुन्या झब्ब्याला असायचा तसा, म्हणून हात वर केला तरी कंबर उघडी पडत नाही.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. तिने चष्मा लावून बराच वेळ बाही पाहिली. "खांद्याकडून खाली विणलीय रे. मनगट झिजलं तर तेवढंच उसवून परत विणता येईल." अरनकडे तिने ढुंकून पाहिलं नाही.

मित्राकडे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला आहे, डाव्या खांद्यावर बटणं असलेला. एक दिवस वापरला. सॅकचा पट्टा नेमका बटणांवर येतो. परत दिला.

तर वाऱ्यात फिरणार असाल तर गॅन्झीच. अंगाबरोबरची घ्या, ढगळ घेतलीत तर खालून वारा शिरतो. पहिले आठ दिवस टोचते, डोक्यातून काढताना कान लाल होतात. आणि भिजली की मेंढीचा वास येतो. ऑफिसच्या लिफ्टमध्ये लोक जरा सरकून उभे राहतात.