अविश्वास ठराव: ब्रिटनची रीत आणि जर्मनीची रीत

संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ कायदेमंडळाच्या विश्वासावर टिकतं. तो विश्वास काढून घ्यायच्या रीती मात्र वेगळ्या. ब्रिटनमध्ये साधं बहुमत पुरतं: १९७९ मध्ये कॅलॅहन सरकार ३११ विरुद्ध ३१०, एका मताने हरलं आणि निवडणूक लागली.

जर्मनीत चॅन्सलरला, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाला, नुसतं पाडता येत नाही. त्याच ठरावात एकूण सदस्यांच्या बहुमताने नवा चॅन्सलर निवडावा लागतो. वायमार काळात, म्हणजे हिटलरच्या आधीच्या जर्मन प्रजासत्ताकात, एकमेकांचे कट्टर विरोधक मिळून सरकार पाडू शकत, पण नवं उभं करू शकत नसत. त्या अनुभवातूनच १९४९ च्या राज्यघटनेत ६७ वं कलम आलं. १९८२ मध्ये याच मार्गाने श्मिट गेले, कोल आले.

मला जर्मन रीत जास्त जबाबदार वाटते. पण पर्यायावर एकमत नसेल, तर बहुमत गमावलेलं सरकारही तिथे रेंगाळू शकतं. हा दोष छोटा नाही.