जिओजेब्रा अ‍ॅप: त्रिकोणाचे बिंदू डोळ्यासमोर हलतात
मुलगी नववीत, मध्यगासंपात (कोपऱ्यापासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंतच्या तिन्ही रेषा मिळतात तो बिंदू) कुठला नि लंबसंपात (कोपऱ्यांतून समोरच्या बाजूंवर टाकलेले तिन्ही लंब मिळतात तो) कुठला यात रोजचा गोंधळ, शेवटी जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं अ‍ॅप टाकलं, फुकट आहे. त्रिकोण काढला, चारही बिंदू (हे दोन, शिवाय परिकेंद्र म्हणजे तिन्ही कोपऱ्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचं केंद्र नि अंतर्मध्य म्हणजे आतून तिन्ही बाजूंना टेकणाऱ्या वर्तुळाचं केंद्र) काढले आणि एक शिरोबिंदू ओढत गेलो, तिथला कोन ९०° झाला तसा लंबसंपात थेट त्याच कोपऱ्यात जाऊन बसला नि परिकेंद्र कर्णाच्या बरोब्बर मध्यावर, कोन अजून वाढवला तर दोघं बाहेर! "बाबा, अंतर्मध्य आणि मध्यगासंपात काही केल्या बाहेर जात नाहीत" हे तिचं तिनेच सांगितलं. परिकेंद्र, मध्यगासंपात, लंबसंपात कायम एका रेषेत, ऑयलरची रेषा, ते बघून तर मीच हरखलो. मोबाईलवर बिंदू नीट पकडता येत नाही, लॅपटॉपच घ्या. वहीत कंपासने एकदा काढाच पण.