२८ मुलांच्या वर्गाने प्रॉमसाठी पैसे कसे उभे करावेत: स्टॉल, चॉकलेट, कार वॉश की रेस्टॉरंट नाइट?

अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कुलांत प्रॉमची, म्हणजे वर्षअखेरीच्या नाचाच्या मोठ्या पार्टीची, जबाबदारी ज्युनिअर क्लासवर, म्हणजे अकरावीच्या अख्ख्या इयत्तेवर असते. वर्ग तीनचारशेंचा असेल तर तिकिटांतच बराचसा खर्च निघतो. छोट्या गावातल्या वर्गाचं तसं नसतं, कारण डीजे काही डोकी मोजून पैसे घेत नाही. समजा, २८ मुलांचा वर्ग आहे. सीनिअर (बारावीचे) आणि पाहुणे धरून ७० जण येतील. तिकीट ४० डॉलर, म्हणजे जमा २,८००. हॉल, डीजे, खाणं आणि सजावट मिळून खर्च ५,०००. तूट २,२०० डॉलरची. पुढचे सगळे आकडे असेच अंदाजाचे आहेत, त्या जागी आपले घालून बघा.

पर्याय निवडताना दोनच गोष्टी बघायच्या. एका मुलाच्या एका तासामागे सुटतात किती, आणि ते पैसे कुणाच्या खिशातून येतात? २८ पैकी काही बँडमध्ये, काही टीममध्ये, काही नोकरीवर; कामाला येणारे दरवेळी तेच दहाबारा चेहरे असतात.

या दोन्ही कसोट्या एकत्र धरल्या तर शाळेच्या सामन्यातला खाण्याचा स्टॉल, म्हणजे कन्सेशन स्टँड, सरस ठरतो. २०० प्रेक्षकांनी सरासरी ३ डॉलर खर्च केले तर गल्ला ६००. माल २४० चा, सुटले ३६०. सहा मुलं तीन तास राबली, म्हणजे तासाला २० डॉलर. शिवाय निम्मे पैसे पाहुण्या टीमच्या पालकांचे. बाकीचे पर्याय फिरून फिरून आपल्याच गावात वसुली करतात.

गडबड होते ती हाफटाइमला, म्हणजे मध्यंतरात. हायस्कूल बास्केटबॉलचा हाफटाइम फक्त १० मिनिटांचा, आणि अख्खी गर्दी तेव्हाच येते. त्यामुळे दुसरा क्वार्टर संपायच्या आत हॉट डॉग फॉइलमध्ये गुंडाळून १३५ अंश फॅरनहाइटच्या वर गरम ठेवलेले हवेत आणि पॉपकॉर्न पिशव्यांत भरलेलं. नाचोजचं चीज स्लो कुकरमध्ये वितळायला वेळ खातं. दारं उघडल्यावर लावलं तर पहिली गिऱ्हाइकं परत जातात. पैसे घेणाऱ्याने खाण्याला हात लावायचा नाही. भाव पूर्ण डॉलरमध्येच ठेवा, म्हणजे नाणी लागत नाहीत. सुट्टे १०० डॉलर पुरतात: एकाच्या ६० नोटा आणि पाचाच्या आठ. उरलेले पाव त्याच रात्री फ्रीझरमध्ये टाका.

चॉकलेट बार कागदावर सगळ्यांत गोंडस दिसतात. ६० बारचा खोका, बार २ डॉलरचा, त्यातले साधारण निम्मे आपले. प्रत्येकाने एक खोका विकला तर १,६८०. प्रत्यक्षात गावातल्या प्रत्येक दारावर बँडची आणि सॉफ्टबॉलची मुलं आधीच विकायला जाऊन आलेली असतात. दहाबारा खोके घरीच पडून राहतात आणि शेवटी आईबाबा पदरचे पैसे भरतात. फोडलेला खोका बहुधा परत घेत नाहीत. हॉलची अनामत भरायला शरद ऋतूत झटपट रोकड हवी असेल तरच हा मार्ग, आणि तोही विकायची तयारी दाखवणाऱ्यांपुरता.

कार वॉश दिसायला मजेचा, हिशेबाला कच्चा. दहा मुलं, चार तास, ३५ गाड्या, १० डॉलरप्रमाणे ३५०. सामान वजा जाता ३२०. म्हणजे तासाला ८. पाऊस आला की तेवढेही नाहीत. साबणाचं पाणी पावसाळी गटारात सोडायला कित्येक शहरांत मनाई आहे, तेव्हा जागा आधी विचारून घ्या.

रेस्टॉरंट नाइट म्हणजे ठरलेल्या दिवशी आपल्या लोकांनी एखाद्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचं आणि त्या विक्रीतला हिस्सा वर्गाला मिळायचा. तिला मेहनत जवळजवळ नाहीच. विक्रीच्या २५ टक्के मिळत असतील आणि ४० कुटुंबांनी २५ डॉलरचं जेवण घेतलं, तर २५० हातात. ऑनलाइन ऑर्डरला फंडरेझरचा कोड टाकायचा राहिला तर ती विक्री धरत नाहीत, आणि दुकानाच्या दारात फ्लायर वाटायला अनेक रेस्टॉरंट साखळ्यांची बंदी असते. चेक यायला काही आठवडे लागतात. प्रॉम एप्रिल-मेमध्ये असेल तर फेब्रुवारीच्या आत उरका.

मराठी घरांतून पहिली सूचना हमखास येते ती समोशांची. घरी तळलेलं विकायला बऱ्याच ठिकाणी परवाना लागतो. लाडू, शंकरपाळे अशा कोरड्या पदार्थांना नियम तुलनेने सैल असतात, तरी शाळेला विचाराच. सरकारी जेवण योजनेतल्या शाळांत २०१४ पासून शाळेच्या वेळेत मुलांना विकायच्या खाण्यावर पोषणाची बंधनं आहेत. शेवटच्या घंटेनंतर अर्धा तास उलटला की ती लागू नसतात. ॲलर्जीची चिठ्ठी मात्र प्रत्येक पाकिटावर लावा. तिळगुळाच्या वडीत बहुधा शेंगदाणे असतात, आणि २०२३ पासून तीळही अमेरिकेतल्या मुख्य ॲलर्जीकारकांच्या यादीत आहे. रॅफल, म्हणजे तिकिटं विकून काढलेली बक्षिसांची सोडत, टाळलेली बरी. अनेक राज्यांत ती जुगाराच्या कायद्यात येते.

कुठलाही पर्याय घ्या, आधी शाळेकडून मंजुरी आणि पैसे शाळेच्या खात्यात. पालकाच्या व्हेन्मोवर (पैसे पाठवायच्या ॲपवर) गोळा केलेल्या रकमेचा हिशेब नंतर कुणालाच लागत नाही.

चार घरचे सामने मिळाले तर १,४४०, दोन रेस्टॉरंट नाइट ५००. उरलेल्या २६० साठी पाच मुलांनी एकेक चॉकलेटचा खोका घेतला तरी भागतं. स्टॉल बूस्टर क्लबकडे, म्हणजे शाळेच्या टीमसाठी पैसे उभे करणाऱ्या पालकांच्या मंडळाकडे असेल तर सप्टेंबरमध्येच त्यांच्याकडून तारखा मागा. नाहीच मिळाल्या तर फंडरेझर वाढवण्याआधी हॉलऐवजी शाळेच्या जिमचा विचार करा: भाडं वाचतं, पण सजावटीचं सामान आणि आदल्या दिवसाची मेहनत वाढते.