मध्यस्थ चांगल्या, पण फी कोणी भरली?

पाचपैकी तीन तारे.

आमची संस्था, एक कंपनी आणि शेतकऱ्यांचा गट असे तिघे मिळून पाणीबचतीचा उपक्रम चालवतो. तिसऱ्या वर्षी बैठकीत कोणी कोणाशी धड बोलेना, तेव्हा कंपनीनं ही मध्यस्थी सेवा बोलावली.

आल्या त्या दोघी आधी प्रत्येकाला एकेकटं भेटल्या. आमचं भांडण विहिरींवरच्या पाणी-मीटरवरून. कंपनीला ते याच हंगामात हवे होते, गट विहिरीपाशी फिरकूही देत नव्हता. ‘काय हवंय’ हे आम्हाला पाठ होतं. ‘का हवंय’ हे या दोघींनी विचारलं. कंपनीला शाश्वतता अहवालात, म्हणजे पर्यावरणासाठी काय केलं ते सांगणाऱ्या अहवालात, छापायला वाचलेल्या पाण्याचा लिटरमधला आकडा हवा होता. शेतकऱ्यांना वाटत होतं, आज मोजणी, उद्या बिल. मार्ग निघाला तो असा: नोंदी गटाकडेच राहतील, कंपनीला फक्त एकूण बेरीज मिळेल. हे आम्हाला आधी सुचलं नाही, याची लाज वाटते.

मग त्यांनी आमचा तिघांचा करारनामा मागितला. त्यात कोणाचा लोगो किती मोठा यावर दीड पान. मतभेद झाले तर काय, मधूनच कोणी बाहेर पडलं तर काय, यावर अवाक्षर नाही. खाली सही माझीच.

फसलं ते थॉमस-किलमन प्रश्नावलीचं. स्पर्धा, सहकार्य, तडजोड, टाळणं, नमतं घेणं या पाचपैकी भांडणात तुमची पद्धत कोणती, यात पहिली सकाळ गेली. गटातल्या एक बाई म्हणाल्या, “नमतं घेणं हा काही आमचा स्वभाव नाही, पैसे यांचे आहेत.” प्रश्नावलीत याला रकाना नव्हता. उदाहरण दिलं ते युनिलिव्हर ही कंपनी आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्गसंवर्धन संस्था यांनी 1997 मध्ये उभ्या केलेल्या मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं, म्हणजे शाश्वत मासेमारीचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचं. एकाला माशांचा पुरवठा टिकवायचा होता, दुसऱ्याला मासे. उदाहरण चांगलंच आहे, पण तिथे दोन्ही पक्ष तगडे होते, आणि ती संस्था पुढे दोघांपासून स्वतंत्रही झाली. आमच्याकडे चेकबुकही कंपनीचं आणि अध्यक्षाची खुर्चीही.

तक्रार निवारण कसं असावं, याचे संयुक्त राष्ट्रांच्या उद्योग आणि मानवी हक्कांवरच्या 2011 च्या मार्गदर्शक तत्त्वांमधले आठ निकष त्यांनी भिंतीवर लावले. पहिलाच निकष वैधतेचा, म्हणजे संबंधितांचा त्यावर विश्वास बसण्याचा. तेव्हा मी विचारलं, तुमची फी कोण देतंय? दोघींनी आढेवेढे न घेता सांगितलं: कंपनी. पुढच्या वेळी मध्यस्थ तिघांनी मिळून निवडा आणि पैसे उपक्रमाच्या सामायिक निधीतून द्या, असंही सुचवलं. स्वतःच्याच नेमणुकीतली खोट अशी उघड सांगायला धीर लागतो. माझ्या लेखी एक तारा निव्वळ त्याचा.

अंतिम अहवाल मात्र फक्त इंग्रजीत आला. गटासाठी त्याचं भाषांतर करत मी दोन रात्री जागलो.

सहा महिन्यांनी पाठपुराव्याची बैठक ठरली होती, तिचे पैसेही आधीच दिलेत. आता आठवा महिना सुरू आहे, दोन ईमेलना उत्तर नाही. चौथा तारा तिथे गेला.